आरोग्यसेवा व्यवस्थापन आणि आरोग्य धोरण: यात पदवी घ्यावी का?

चाफा
नमस्कार मंडळी. एरवी मी नुसती वाचते, धागा पहिल्यांदाच काढतेय, सांभाळून घ्या.

शाळा संपली. जीवशास्त्र आवडतं, पण डॉक्टर व्हायचं नाही हे पक्कं आहे. शोधाशोध करताना 'आरोग्यसेवा व्यवस्थापन आणि आरोग्य धोरण' असा पदवीचा अभ्यासक्रम सापडला. माहितीपत्रकात नेतृत्व, नवोन्मेष, परिवर्तन वगैरे भरपूर आहे, पण वर्गात बसून नेमकं शिकायचं काय, याचा पत्ता लागत नाही. आई म्हणते, आधी अर्थशास्त्र किंवा संख्याशास्त्र घे, हे नंतर करता येईल. मामा म्हणतो, आजारपणं काही बंद होणार नाहीत, डोळे मिटून घे.

माझे प्रश्न असे: यात शिकवतात काय? व्यवस्थापन आणि धोरण एकाच पदवीत का कोंबलंय? डॉक्टर किंवा नर्स नसलेल्या माणसाचं हॉस्पिटलात कुणी ऐकतं का? आणि आत्ताच घ्यावं की पदव्युत्तरला?

उंटावरचा_शहाणा
मामाचं बरोबर आहे, फक्त डोळे उघडे ठेवून घे.

वाचनमात्र
वाचतेय. माझ्या पुतण्यालाही हेच करायचंय.

तिसरी_पाळी
चाफा, आधी वॉर्डात नर्स होते, आता बेडचं नियोजन बघते. म्हणजे कुठला पेशंट कुठल्या बेडवर आणि कधी. तुझ्या पहिल्या प्रश्नाला उत्तर म्हणून एक डिस्चार्ज सांगते.

सकाळच्या राउंडला मोठे डॉक्टर म्हणतात, "आज घरी जा." पेशंटची बॅग पाच मिनिटांत भरून तयार. पण डिस्चार्ज समरी लिहायची ज्युनियरने, आणि तो उरलेल्या वॉर्डाचा राउंड संपेपर्यंत मोकळा होत नाही. न वापरलेली औषधं फार्मसीला परत जातात, ती तिथे जमा दाखवल्याशिवाय बिल बंद होत नाही. बिल बंद झाल्याशिवाय विमा कंपनीकडे अंतिम मंजुरीला जात नाही. मंजुरी आली तर त्यात एक शंका असते: "एक्स-रेचा रिपोर्ट जोडा." रिपोर्ट फाईलमध्ये, फाईल बिलिंगला. मग व्हीलचेअर, मग बेड पुसणं, चादरी, आणि सगळ्यात शेवटी कुणीतरी सिस्टीममध्ये बेड 'रिकामा' करायचा. ते राहिलं तर बेड रिकामा असूनही भरलेलाच दिसतो. तोवर संध्याकाळ, आणि खाली इमर्जन्सीत सकाळपासून एक आजी स्ट्रेचरवर.

यात कामचुकार कोण? कुणीच नाही. प्रत्येक जण आपापलं काम नीट करतोय. तरी बेड दिवसभर अडून राहतो, कारण ही अख्खी साखळी कुणा एकाच्या मालकीची नाही. ती साखळी बघणं हा तुझ्या अभ्यासक्रमातला एक अख्खा विषय आहे. उपाय ऐकायला फार भारी नाहीत. उद्या कोण घरी जाणार ते आज दुपारी ठरवा. समरीचा कच्चा मसुदा आदल्या संध्याकाळी तयार ठेवा. राउंडला घरी जाणाऱ्यांना आधी बघा. पण हे तिन्ही उपाय पाच विभागांकडून रोज करून घेणं, त्याचं नाव व्यवस्थापन.

स्टेथो
डॉक्टर आहे, म्हणून थोडं कडू बोलतो. राउंडला घरी जाणाऱ्यांना आधी बघा हे कागदावर ठीक. माझ्या वॉर्डात रात्रीतून कुणाची तब्येत बिघडली असेल तर मी आधी तिकडे जाणार. इतकी वर्षं बघतोय, वर्गातून थेट आलेली मुलं येतात, रंगीत डॅशबोर्ड दाखवतात आणि विचारतात की तुमच्या युनिटमध्ये पेशंट सरासरी जास्त दिवस का राहतात. अरे बाबा, कारण अवघड पेशंट आमच्याकडे पाठवतात म्हणून!

सांख्यिक
स्टेथो यांच्या शेवटच्या वाक्यावरच माझा पगार चालतो. :)

जिथे अवघड पेशंट जातात तिथे मृत्यू आणि मुक्काम दोन्ही जास्त दिसणारच. वय, सोबतचे आजार, दाखल होतानाची स्थिती हे हिशेबात धरून मगच दोन युनिटांची तुलना करायची. हे न शिकता डॅशबोर्ड बनवणारा माणूस धोकादायक, मग पदवी कुठलीही असो.

आणि ही चूक नवशिक्यांचीच असते असंही नाही. फ्लोरेन्स नाइटिंगेल उत्तम संख्याशास्त्रज्ञ होती, क्रिमियन युद्धातल्या मृत्यूंच्या तिच्या आकृत्या आजही शिकवतात. पण 1863 साली छापलेल्या हॉस्पिटलांवरच्या पुस्तकात तिने विल्यम फार या संख्याशास्त्रज्ञाचे आकडे वापरले, त्यात लंडनच्या 24 हॉस्पिटलांचा मृत्युदर 90 टक्क्यांच्या वर दाखवला होता. कसा? अंशस्थानी वर्षभरातले मृत्यू आणि छेदस्थानी एका ठरावीक दिवशी दाखल असलेले रुग्ण. वर्षभरात एकाच बेडवर कितीतरी रुग्ण येऊन जातात, ते सगळे छेदातून गायब! ज्या हॉस्पिटलात रुग्णांची ये-जा जास्त, ते आपोआप बदनाम. वैद्यकीय नियतकालिकांतून त्यावर सडकून टीका झाली. चाफा, पहिल्या वर्षी संख्याशास्त्र कंटाळवाणं वाटलं तर हा छेद आठव.

आता बेडचं गणित. लिटलचा नियम म्हणून एक सूत्र आहे, जॉन लिटल यांनी 1961 मध्ये त्याची सिद्धता दिली. रोज 20 पेशंट दाखल होतात आणि सरासरी 5 दिवस राहतात, तर कुठल्याही क्षणी सरासरी 100 बेड भरलेले असतात. मुक्काम अर्ध्या दिवसाने कमी झाला की 90. म्हणजे एकही भिंत न बांधता 10 बेड मोकळे. तिसरी_पाळी यांची डिस्चार्जची रामकहाणी म्हणून महत्त्वाची. पण यावरून "मग 100 टक्के बेड भरलेले ठेवा" असं कुणी म्हणालं तर त्याला थांबवायचं. 20 ही सरासरी आहे, एखाद्या दिवशी 28 येतात. थोडे बेड रिकामे नसतील तर रांग नुसती वाढत नाही, अंगावर येते.

चाफा
बाप रे. हे माहितीपत्रकात का लिहीत नाहीत? सांख्यिक दादा, गणित बरं आहे माझं, भीती नाही वाटत. पण मग यात 'धोरण' कुठे आलं?

फाईलवाला
ते माझ्याकडे लागलं. आरोग्य खात्यात धोरणाच्या बाजूला आहे, त्यामुळे लांबण लागेल, आधीच सांगतो.

तिसरी_पाळी यांचा पेशंट किती दिवस राहणार हे फक्त डॉक्टर ठरवत नाही. हॉस्पिटलला पैसे कसे मिळतात यावरही ते ठरतं. अमेरिकेत 65 वर्षांवरच्यांसाठी मेडिकेअर ही सरकारी योजना 1965 च्या कायद्याने आली. सुरुवातीला हॉस्पिटल जो खर्च दाखवेल तो वाजवी असला की सरकार भरायचं. जितके दिवस ठेवाल तितके पैसे, मग लवकर घरी कोण सोडेल? 1983 मध्ये पद्धत बदलली. येल विद्यापीठात रॉबर्ट फेटर आणि जॉन थॉम्पसन यांनी रुग्णांचे गट पाडायची रीत तयार केली होती: निदान, शस्त्रक्रिया, वय वगैरे पाहून सारखा खर्च येणारे रुग्ण एका गटात. त्या गटाला ठरलेली रक्कम, पेशंट चार दिवस राहो की नऊ. लगेच मुक्काम घटायला लागला. तेच डॉक्टर, तेच आजार, बदलला तो फक्त पैसे देण्याचा नियम. सोबत नवी काळजीही आली, की माणसं पूर्ण बरी व्हायच्या आत घरी पाठवली जातायत का. आणि हॉस्पिटलांत 'कोडिंग' (निदान आणि उपचार ठरलेल्या सांकेतिक क्रमांकांनी नोंदणं) हे काम अचानक मोलाचं झालं, कारण सोबतचा एक आजार नोंदला की पेशंट वरच्या गटात जातो.

आता सांग, ही गोष्ट व्यवस्थापनाची की धोरणाची? वरून नियम येतो, खाली बेड हलतो. खाली माणसं पळवाट काढतात, वर पुन्हा नियम बदलावा लागतो. दोन्ही एका पदवीत असण्याचं कारण हेच. फक्त व्यवस्थापन शिकलेला नियमाला आभाळातून पडलेला समजतो. फक्त धोरण शिकलेल्याला वाटतं की परिपत्रक निघालं म्हणजे काम झालं. (आमच्या खात्यात असे पुष्कळ आहेत, नावं विचारू नका.)

दुसरं उदाहरण इंग्लंडचं. इमर्जन्सीत आलेल्या रुग्णाचा निकाल 4 तासांत लागला पाहिजे, दाखल करा, घरी पाठवा किंवा दुसरीकडे हलवा, असं लक्ष्य 2000 नंतरच्या दशकात तिथे आलं. मग रुग्ण किती वेळाने हलले याचा आलेख काढला तर 4 तास व्हायच्या आधीच्या काही मिनिटांत सुळका! घड्याळ बघून माणसं हलवली जात होती. इथवर ऐकलं की लोक म्हणतात, बघा, लक्ष्यं मूर्खपणाची असतात. पण पुढे अर्थशास्त्रज्ञांनी तपासलं तर त्या लक्ष्यामुळे वाट बघणं कमी झालं आणि मृत्यूही कमी झाल्याचं दिसलं. म्हणजे आकड्यासाठी धावपळ होती हे खरं, आणि त्या धावपळीने जीव वाचले हेही खरं. दोन्ही एकदम डोक्यात ठेवता येणं हीच या विषयाची तालीम.

उंटावरचा_शहाणा
फाईलवाला, फाईल इतकी वेगाने पुढे सरकवता तर खात्यात बढती कशी मिळते हो? ह.घ्या.

बाकी एक शंका. एवढं सगळं कशाला? ज्याला सेवा हवी त्याने पैसे मोजावे, भाजीबाजारासारखं. लोक आपोआप काटकसर करतील.

फाईलवाला
घेतलं हलकं. :)

बाजाराचं उत्तर अर्थशास्त्रज्ञ केनेथ ॲरो यांनी 1963 च्या लेखात दिलंय. आजार कधी येईल माहीत नाही, आला तर काय करायचं हे विकणाऱ्याला माहीत आणि घेणाऱ्याला नाही, आणि आधी वापरून बघायची सोय नाही. आरोग्य अर्थशास्त्राचा पेपर बहुतेक ठिकाणी तिथूनच सुरू होतो.

काटकसरीचं म्हणाल, तर तो प्रयोग प्रत्यक्ष झालाय. अमेरिकेत रँड या संशोधन संस्थेने 1970 च्या दशकात कुटुंबांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं वेगवेगळ्या विमा योजनांत वाटलं. काहींना सगळं फुकट, काहींना खर्चाचा मोठा वाटा स्वतः उचलायचा. पैसे भरणाऱ्यांनी सेवा कमी वापरली, तुमचं इथवर बरोबर. सरासरी माणसाच्या तब्येतीत फारसा फरकही पडला नाही. पण त्यांनी नको असलेल्या सेवेइतकीच हवी असलेली सेवाही टाळली, आणि गरीब आणि रक्तदाब असलेल्या लोकांचं त्यात नुकसान झालं. खिशाला कात्री लागली की माणूस जाणं बंद करतो. कुठलं जाणं गरजेचं होतं, हे त्याला कळायला मार्ग नसतो.

उंटावरचा_शहाणा
उंटावरून उतरलो.

स्टेथो
चर्चा चांगली चाललीये, पण चाफाचा तिसरा प्रश्न सगळ्यांनी टाळला. ऐकतात का? खरं सांगतो, पहिल्यांदा नाही ऐकत. मीही ऐकत नाही. ज्याला माझ्या ओपीडीत सकाळी काय गर्दी असते ते माहीत नाही, त्याने मला दर रुग्णामागे किती मिनिटं ते सांगू नये.

तिसरी_पाळी
डॉक्टरसाहेब, मान्य. पण मोजमापाचं वेड काही मॅनेजरांनी आणलेलं नाही. बॉस्टनचे सर्जन अर्नेस्ट कॉडमन विसाव्या शतकाच्या सुरुवातीला म्हणत होते की प्रत्येक पेशंटचं पुढे काय झालं ते वर्षभराने बघा, चुकलं असेल तर का ते लिहा आणि ते जाहीर करा. सहकाऱ्यांना ते काही पचलं नाही. मोठ्या हॉस्पिटलातली जागा सोडून त्यांनी स्वतःचं छोटं हॉस्पिटल काढलं आणि तिथे स्वतःच्या चुका छापल्या. तेव्हा तुमच्या जमातीतल्या माणसाचंही कुणी ऐकत नव्हतं हो!

चाफा, ऐकतात कुणाचं ते सांगते. आमच्याकडे एक मुलगी आली होती, नुसती पदवीधर. आल्याआल्या काही सुचवलं नाही. ऑपरेशन थिएटरच्या बाहेर बसून पहिली केस उशिरा का सुरू होते ते नुसतं टिपत राहिली. सर्जन उशिरा येतात असं सगळे म्हणायचे. तिच्या वहीत निघालं की बऱ्याचदा सर्जन हजर, भूलतज्ज्ञ हजर, पण पेशंट वॉर्डातून खाली आलेला नाही, कारण संमतीपत्रावर सही राहिलेली. तिने त्या नोंदींचा कागद सर्जनच्या हातात ठेवला. त्या दिवसापासून ते तिला नावाने हाक मारायला लागले.

स्टेथो
ही मुलगी आमच्याकडे पाठवा.

सांख्यिक
अवांतर नाही, मुद्द्याचंच. शस्त्रक्रियेच्या सुरक्षा-यादीचं (शस्त्रक्रियेच्या वेळी टीमने एकेक करून तपासायच्या गोष्टी) उदाहरण अभ्यासक्रमात हमखास येतं. जागतिक आरोग्य संघटनेची यादी आठ देशांतल्या आठ हॉस्पिटलांत वापरली, 2009 मध्ये निकाल छापला: हॉस्पिटलातले मृत्यू 1.5 टक्क्यांवरून 0.8 वर, गुंतागुंत 11 वरून 7 वर. जगभर गाजावाजा. मग कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात ती सगळीकडे लागू केली आणि 101 हॉस्पिटलांचा अभ्यास 2014 मध्ये आला. फरक? नोंद घ्यावी असा नाही.

पहिला अभ्यास खोटा होता का? तसं नाही म्हणता येत. पण एका ठिकाणी टीमने थांबून मोठ्याने वाचणं आणि दुसऱ्या ठिकाणी वरून हुकूम आला म्हणून टिकमार्क करणं, या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात. पहिल्या अभ्यासात आधी-नंतर तुलना होती, तेवढ्या काळात इतरही काही बदललं असेल. असले दोन निकाल शेजारी ठेवून तीन तास डोकं फोडायला लावणारे प्राध्यापक मिळाले तर पदवी वसूल.

वाचनमात्र
वाचनखूण साठवली. पण आता घ्यावं की नंतर, यावर कुणी बोलेल का? पुतण्याला अर्ज भरायचाय.

सांख्यिक
मी चाफाच्या आईच्या बाजूने. संख्याशास्त्र किंवा अर्थशास्त्र पक्कं करून नंतर आरोग्यात येता येतं. उलटं अवघड जातं. शिवाय अठराव्या वर्षी आरोग्य आवडतं आणि विसाव्या वर्षी दुसरंच काही, असं होतंच.

फाईलवाला
असहमत. नुसतं अर्थशास्त्र केलेली हुशार मुलं आमच्याकडे येतात, त्यांना विमा दावा कसा दिसतो माहीत नसतं, प्राथमिक केंद्रात रजिस्टर कोण भरतं माहीत नसतं. मॉडेल सुंदर, आणि त्यात घातलेला आकडा कुणीतरी महिन्याच्या शेवटी घाईत लिहिलेला. पदवीच्या वयात हॉस्पिटलात फिरायला मिळालं तर ही नजर लवकर येते.

मात्र भ्रमात राहू नये. ही पदवी घेऊन कुणी हॉस्पिटलचा प्रमुख होत नाही. सुरुवात होते ती गुणवत्ता विभागात, अपॉइंटमेंट आणि वेळापत्रकात, बिलिंग-कोडिंगच्या विश्लेषणात, विमा कंपनीच्या दावे विभागात, नाहीतर एखाद्या संशोधन प्रकल्पात मदतनीस म्हणून. मोठ्या जागांना बहुतेक ठिकाणी पदव्युत्तर पदवी आणि अनुभव दोन्ही मागतात.

तिसरी_पाळी
मी मधली. अभ्यासक्रम बघून ठरव. जीवसंख्याशास्त्र, रोगपरिस्थितिविज्ञान (रोग लोकांत कसे आणि का पसरतात याचा अभ्यास), आरोग्य अर्थशास्त्र, हिशेब, कायदा आणि नीती, आरोग्य माहिती प्रणाली एवढं अनिवार्य असेल तर आत्ता घेतलंस तरी वाया नाही. पुढे मत बदललं तरी यातलं निम्मं कुठेही चालतं. 'नेतृत्व' नावाचे चार पेपर आणि संख्याशास्त्र एकच, असं असेल तर आईचं ऐक.

आणि इंटर्नशिपबद्दल खोदून विचार. "मोठमोठ्या हॉस्पिटलांशी करार" यावर जाऊ नको. मागच्या वर्षीच्या मुलांनी तिथे काय केलं, कुणाच्या हाताखाली, आणि शेवटी त्यांनी लिहिलेला अहवाल बघायला मिळेल का, एवढं विचार. स्वागतकक्षात उभं राहून फॉर्म वाटले असतील तर ती इंटर्नशिप नाही, फुकटचा माणूस.

चाफा
सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री आईला पूर्ण धागा वाचून दाखवला. सांख्यिक दादांच्या प्रतिसादावर ती खूश, फाईलवाला काकांच्या प्रतिसादावर गप्प.

दोन अभ्यासक्रमांच्या विषयांच्या याद्या शेजारी ठेवल्या. पहिल्यात संख्याशास्त्राचे दोन पेपर अनिवार्य, शेवटच्या सत्रात पूर्णवेळ इंटर्नशिप, पण धोरणाचा पेपर एकच. दुसऱ्यात धोरण भरपूर: वेगवेगळ्या देशांच्या आरोग्य व्यवस्था, विमा, कायदा, पण संख्याशास्त्र ऐच्छिक. कुठला?

फाईलवाला
दुसरा. ऐच्छिक ते घ्यायचं ठरवलंस की अडचण संपली. 1883 चा जर्मनीतला बिस्मार्कचा आजारपण विमा, 1948 ची ब्रिटनची सरकारी आरोग्य व्यवस्था, 1995 मध्ये तैवानने एका झटक्यात सगळ्यांना एका विम्यात आणलं ते, हे शेजारी ठेवून शिकणं नोकरी लागल्यावर कुणाला जमत नाही.

सांख्यिक
पहिला. देशोदेशीच्या व्यवस्था वाचून कळतात, संख्याशास्त्र वाचून येत नाही.

तिसरी_पाळी
पहिला, त्या शेवटच्या सत्रासाठी. पण अर्ज भरायच्या आधी दुसऱ्यावाल्यांना फोन करून एवढं विचार की तो ऐच्छिक पेपर गेल्या दोन वर्षांत प्रत्यक्ष शिकवला गेला का. पुरेशी मुलं नाहीत म्हणून ऐच्छिक विषय रद्द होतात, यादीत मात्र तसेच राहतात.

चाफा
फोन केला. गेल्या वर्षी शिकवला नव्हता, मुलं कमी होती म्हणे. पहिल्याचा अर्ज भरतेय. फाईलवाला काका, ते देशांचं कुठून वाचायला सुरुवात करू ते इथेच लिहाल का?

फाईलवाला
लिहितो, रविवारी वेगळा धागा काढतो. तोवर एक काम कर. कुठलेही दोन देश घे आणि प्रत्येकासाठी तीनच गोष्टी शोध: किती लोकांना संरक्षण आहे, कुठल्या सेवा त्यात येतात, आणि बिलाचा किती हिस्सा पेशंटच्या खिशातून जातो. जे सापडेल ते त्या धाग्यावर टाक, तिथून पुढे बोलू.